आप्पांचा अर्धा राहिलेला खून

आमचे आप्पा गेले, तेव्हा खुनी सापडायचा बाकी होता.

(गैरसमज नको. आप्पांचा खून झाला नाही. ते दुपारी जेवून, स्वतःच्या खुर्चीत, हार्टनं गेले. खून टीव्हीत झाला होता.)

माझ्या वडिलांच्या लेखी जुन्या सिनेमात नट एकच, सूर्यराज. बाकीची सगळी पोटासाठी आलेली पोरं! तरुणपणी आप्पा आमच्या मच्छे गावाहून सायकल मारत बेळगावला जायचे, त्याचा सिनेमा बघायचे आणि येताना त्याच्यासारखी एक भुवई उचलून यायचे. आईला बघायला गेले तेव्हाही ती भुवई वरच होती. आईला वाटलं, स्थळाला काहीतरी दुखणं आहे. पुढं सूर्यराज म्हातारा झाला, सिनेमात त्याला कुणी विचारेना, तेव्हा तो टीव्हीवरच्या एका रहस्यमालिकेत पाहुणा म्हणून आला. दर आठवड्याला नवी गोष्ट, नवा खून आणि सिनेमातला एखादा जुना चेहरा, अशी ती मालिका. पण त्या काळी आमच्या घरी टीव्ही नव्हता. मागल्या वर्षी मी मोठा टीव्ही आणला, नेट जोडलं आणि यूट्यूबवर कुणीतरी चढवलेले ते सगळे भाग आप्पांना लावून दिले. मोठा श्रावणबाळ मी!

झालं. रोज दुपारची जेवणं आटोपली की आप्पा आणि आई टीव्हीपुढं बसणार आणि खुनी कोण यावरून भांडणार. आई दर वेळी जिंकायची. (कुणाच्या म्हशीनं आमचा ऊस खाल्ला हे ती बांधावरच्या शेणावरून सांगते. तिला बंगल्यातला खुनी काय अवघड!) आप्पा हरले की दिवे लागेपर्यंत अबोला.

त्या दिवशी खुद्द सूर्यराजचा भाग लागला. आप्पा इस्त्रीचा शर्ट घालून बसले. गोष्टीत बंगल्याच्या मालकिणीला कुणीतरी दुधातून विष घालतं. घरात तिचा नवरा सूर्यराज, एक पुतण्या आणि एक नर्स. मी शेजारच्या खोलीत होतो, सगळं ऐकू येत होतं.

“ह्योच,” आई म्हणाली. “नवराच.”

“ए, गप गं! सूर्यराज खून करंल?”

“करंल की. दूध ढवळताना कुनी हसतंय व्हय?”

“अगं, हिरो हाय त्यो!”

“असंल हिरो. आता म्हातारा झालाय. म्हातारी मान्सं काय पन करत्यात. खुनी हाय त्यो तुमचा हिरो!”

आप्पा ताडकन उभे राहिले. टीव्हीकडं बोट करून ओरडले, “त्यो खून करनार न्हा–” आणि खाली बसले. ते बसलेच. आईला वाटलं, रुसले. तीही फुरंगटून तोंड फिरवून बसली. पाणी प्यायला म्हणून मी आलो आणि मला ते दिसलं. मी आधी टीव्ही बंद केला, मग आप्पांना हाक मारली. माणसाला अशा वेळी काहीही सुचतं.

आई रडलीच नाही. येईल त्याला एकच सांगायची, “मीच मारलं रं त्येस्नी.” टीव्हीवरून झालेल्या भांडणाचं पुढं सांगेपर्यंत तिचा आवाज जायचा. त्यामुळं भेटायला आलेल्या बायका तेवढंच ऐकून दचकायच्या आणि चहा न घेता उठायच्या! पण मला हसू येत नव्हतं. ती जेवत नव्हती. त्यांच्या संसारातलं शेवटचं बोलणं ‘खुनी’ निघालं, हे तिच्या मनातून जाईना.

तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जन. आमच्याकडं त्या दिवशी, गेलेल्या माणसाच्या आवडीचा निवद, म्हणजे नैवेद्य, स्मशानात मांडतात आणि कावळा शिवायची वाट बघतात. आप्पांसाठी भजी, चिरमुऱ्याचा चिवडा, चहा, तंबाखूची पुडी, सगळं मांडलं. कावळे झाडावर होते. खाली एकही येईना. गेलेल्याची इच्छा राहिली की कावळा शिवत नाही, म्हणून मंडळी आश्वासनं द्यायला लागली.

आप्पांचे धाकटे भाऊ तात्या (ते आणि गावातले लोक आप्पांना अण्णा म्हणत) हात जोडून म्हणाले, “अण्णा, वहिनीला काय कमी पडू देनार न्हाय.”

कावळा ढिम्म.

मी म्हणालो, “आप्पा, घराला रंग देतो.” ढिम्म!

मागून कुणीतरी उत्साहानं ओरडलं, “अण्णा, सीमाभाग म्हाराष्ट्रात जानार बघा!” झाडावर होते नव्हते ते कावळेही उडून गेले.

ऊन चढलं. लोकांना कामावर जायचं होतं. तात्या माझ्यावर घसरले. “अण्णा शेवटाला काय करत हुता रं?”

“सीरियल बघत होते.”

“मग?”

“अर्धी राहिली. सूर्यराजनं खून केला का न्हाय, ते कळायच्या आतच...”

“आनि हे आता सांगतूस? गाढवा, शेवट सांग की त्येला!”

शेवट मी तरी कुठं बघितला होता! तात्यांनी माझ्या खिशातनं मोबाईल काढला. मी तो भाग शोधला, चहाचा कप निवदापासून चार हात बाजूला ठेवून त्याला मोबाईल टेकवला आणि आवाज वाढवला. पहिल्यांदा लागली जाहिरात. स्मशानात तीन दिवसांच्या राखेपुढं एक बाई नटूनथटून कन्नडमध्ये लग्नाच्या दागिन्यांवरची सूट सांगायला लागली! माझे दाजी म्हणजे बहिणीचे मालक, ते मान खाली घालून हसू दाबत होते. लांबून बघणाऱ्याला वाटलं, जावई ढसाढसा रडतोय.

मग भाग सुरू झाला. आधी लोक लांब होते. मग एकेक पाऊल पुढं आले. मग उकिडवे बसले. “पुतण्या हाय,” एक म्हणाला. “नर्स बघ, नर्स!” दुसरा म्हणाला. “गप बसा की रं!” तात्या ओरडले. आम्ही सगळे श्वास रोखून त्या चार बोटांच्या पडद्यावर वाकलो. आणि सूर्यराजनं खिशातून विषाची बाटली काढून टेबलावर ठेवली. तोच! “आयला!” सगळे एकदम म्हणाले.

आणि मान वळवून बघतो तर पान रिकामं! भजी नाहीत, चिवडा नाही. पलीकडं एक पिवळं कुत्रं जीभ फिरवत बसलेलं, आणि भिंतीवर एक कावळा चोच पुसत बसलेला.

कुणी खाल्लं? एवढी माणसं जागेवर हजर, आणि साक्षीदार एक नाही!

“कावळाच,” तात्या म्हणाले.

“कुत्रं वाटतंय,” दाजी म्हणाले.

“जावयांना कोन इचारलंय? कावळा! घरात बी हेच सांगायचं!”

मी घरी आलो. आई आप्पांच्या खुर्चीजवळ एकटीच बसली होती. वाटेत मी ठरवलं होतं, कावळ्याचं एक खोटं बोलायचंच आहे, तर त्याच्याबरोबर आणखी एक बोलून टाकू.

“आई, कावळा शिवला. आणि ऐक, आप्पांचंच खरं झालं. सूर्यराजनं न्हाय केला खून. पुतण्यानं केला.”

आईनं माझ्याकडं बघितलं. “मग मी आत्ता बघितलं ते काय?”

“सुतकात टीव्ही?”

“अर्ध्यात टाकून गेल्यात. कुनीतरी पुरं बघाय नको?” ती खुर्चीच्या हातावर हात फिरवत होती. “बरोबर हुतं माझं. जिंकले रं मी. पर आता माझ्यावर रुसायला कोन हाय?”

आणि मग ती रडली. तीन दिवसांचं एकदम. मीही रडलो.

दिवसकार्य झालं, पाहुणे गेले. दुपारी जेवणं झाली की आई रिकाम्या खुर्चीकडं बघत बसायची. एके दिवशी मला ते बघवेना. मी जाऊन त्या खुर्चीत बसलो, नवा भाग लावला आणि बोट करून म्हणालो, “ह्यो आचारी. लिहून ठेव.”

“आचारी? खुळा काय तू?”

“आचारीच!”

“अरं, त्येचं तोंड बघ की! त्यो मुंगी मारायचा न्हाय!”

“आई, तुला काय कळतंय? आचारी!”

आमचं असं जुंपलं, की शेजारीण काय झालं म्हणून डोकावून गेली. पुढच्याच सीनमध्ये आचाऱ्याचा खून झाला. आई हसायला लागली, ती थांबेचना. हसता हसता पदरानं डोळे पुसत म्हणाली, “उद्या बी बस माझ्यासंगं.”

बहिणीला मी फोनवर सांगितलं, आईला जिंकल्यासारखं वाटावं म्हणून मी मुद्दाम चुकीचा माणूस सांगितला. बहीण म्हणाली, किती रं तुझं मन मोठं! मीही होय म्हणालो. आता तिला कुठं सांगत बसू, की मला खुनी खरंच तो आचारीच वाटला होता!