पाटकरी मामा विलायतेच्या कालव्यावर

पंगत बसली, की आमचे पाटकरी मामा बुंदीची पाटी घेऊन थेट शेवटच्या ताटाशी जायचे. पुढची मंडळी ताटकळायची. कुणी कुरकुरलं तर म्हणायचे, "टेलला आदी पोचू द्या. तुमी हेडचं. तुमाला कोन इसरतंय?"

कडेगावाकडच्या पाटावर पाणी सोडण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. हेड म्हणजे पाटाचं तोंड, टेल म्हणजे शेवटचं टोक. वरचे ऊसवाले दांडगे, त्यामुळे पाणी वाटेतच संपायचं. मामा ते आधी शेवटच्या रानात पोचवायचे आणि मग एकेक दार उघडत वर यायचे. त्यापायी त्यांनी शिव्याही पोटभर खाल्ल्या. निवृत्त झाल्यावरही पाणी सुटलं, की टेलच्या सुभद्राबाईंच्या बांधापर्यंत चालत जाऊन बघून यायचे.

मामी गेल्या आणि मी मामांना इंग्लंडला माझ्याकडे आणलं. त्या दोघांनीच मला वाढवलेलं. रिकाम्या घरात ते एकटे राहणार, हे मला सहन होत नव्हतं. पुढच्या आठवड्याचं त्यांचं परतीचं तिकीट रद्द करायचं, एवढाच ध्यास मी घेतला होता. पण मामा महिनाभर खिडकीशी बसून. शेवटी मी तिथल्या कालव्यावरची लांबलचक, चिंचोळी होडी एका दिवसासाठी भाड्याने घेतली.

होडीत बसल्या बसल्या पहिला प्रश्न आला, "हे पानी कुनाच्या रानात जातं?"

"कुणाच्याच नाही, मामा. होड्या चालवायला आहे."

"आँ? एवढं पानी नुसतं हिंडाया?" तासभर त्यांचा त्यावर विश्वास बसेना. होडीचा वेग असा, की काठावरून कुत्रं फिरवणारा एक गोरा आम्हाला मागे टाकून गेला. मामांनी त्यालाही राम राम घातला.

मग लॉक आलं. दोन्ही टोकांना लाकडी दारं असलेला हा हौद; त्यात पाणी सोडून होडी वर चढवायची. मी समजावून सांगायला तोंड उघडलं, तोवर मामा लोखंडी किल्ली घेऊन काठावर! किल्ली फिरवली, पाणी धो धो आत आलं, आणि दाराच्या दांड्याला पाठ लावून सत्तरीचा माणूस खदाखदा हसत रेटू लागला. मामी गेल्यापासून ते हसणं मी ऐकलं नव्हतं. पुढे प्रत्येक वळणावर एकच चौकशी, "आनखी एक हाय का गं?"

चौथ्या लॉकमधून आम्ही बाहेर पडलो, पण मामा दार लावेनात. समोरून, लांबून एक होडी येत होती. सुकाणूवर एकटीच म्हातारी. आमची होडी हाकणारा माझा नवरा घड्याळ दाखवून घाई करू लागला.

"समोरनं मानूस येतंय, जावईबापू. उघडं ऱ्हाऊ द्या."

दहा मिनिटं मामा दाराशी उभे. म्हातारीने जाता जाता त्यांच्या हातात केकचा तुकडा ठेवला. मामांनी तिला मराठीत तब्येतीची काळजी घ्यायला सांगितलं. तिने मानही हलवली!

ते एवढे खुशीत बघून मी म्हटलं, "राहा ना मामा. दर रविवारी येऊ."

केक खात ते म्हणाले, "लय ग्वाड दिवस गेला बग. पर हितं समद्यांना पानी पुरतंय, पोरी. तिकडं सुभद्राकडं कोन बगनार?"

मला रडू आलं, रागही आला. मामांनी उरलेला केक माझ्यापुढे केला.

ते गावी परतले. मग दरवेळी पाणी सुटलं, की त्यांचा फोन यायचा. वाक्य एकच, "पोचलं गं." पुढे तीन वर्षं ते चालू होतं. गेल्या पावसाळ्यात मामाच गेले.

परवा एका अनोळखी नंबरवरून फोन आला. बाईचा थकलेला आवाज होता. "मी सुभद्रा. पानी पोचलं, बाई. मामांनी सांगून ठेवलंय, टेलला आमची भाची हाय, तिला आदी कळवत जा."