बार्लीचे मोड

मस्कतच्या माबेल्यातल्या आमच्या दोन खोल्यांत आम्ही बिअर बनवली ती हौसेने नव्हे. सासरे येणार होते. मी राजापूरकडची हिंदू, नवरा वसईचा ख्रिश्चन. आमच्या लग्नाला ते आले नव्हते. आता नात झाली म्हणून नाताळला पहिल्यांदा मस्कतला येत होते. फोनवर बोलायचे ते फक्त मुलाशी. "तिला सांग, पोरीला जप म्हणावं." तिला! माझं नाव घेतलं तर जीभ झडणार होती जशी.

वसईत पाहुण्यापुढे ताटाआधी ग्लास येतो. इथे घरी दारू आणायला परवाना लागतो, आणि नवऱ्याच्या पगारावर तो मिळण्यासारखा नव्हता. दिवसभर हॉटेलच्या बारमध्ये दुसऱ्यांचे ग्लास भरणाऱ्या माणसाकडे स्वतःच्या बापापुढे ठेवायला थेंब नाही, हे त्याला फार लागलं होतं. शेवटी हॉटेलातल्या जर्मन शेफने सुट्टीवरून येताना बिअरला कडवटपणा देणारी हॉप्सची सुकी फुलं आणि थंडीत आंबवणारं लागर बिअरचं यीस्ट आणून दिलं. माल्ट मात्र तुमचं तुम्ही बघा म्हणाला.

"माल्ट म्हणजे काय?" मी विचारलं.

"बार्लीला मोड आणून वाळवायचे."

"हात्तिच्या! पोरीसाठी नाचणीचं सत्त्व करते ते काय वेगळं असतं?"

बौशरच्या सुपरमार्केटातली बार्ली पांढरीशुभ्र, सोललेली. तिला मोड काही येईनात, आंबूस वास तेवढा आला. मग बरक्याला जनावरांच्या खाद्याच्या दुकानात गेलो.

"भाभी, ये तो बकरी का है," दुकानदार म्हणाला.

"बकरी को ही चाहिए," नवरा म्हणाला आणि माझ्याकडे बघायचं त्याने टाळलं.

दाणा टरफलासकट होता, चावला तर आत पिठूळ. मूठभर ओल्या फडक्यात बांधून पाहिला, तर सगळा तरारून आला. मग पोतंच उचललं.

मोड वाळवले आणि हाताच्या सवयीने कढईत खमंग भाजले. सत्त्वासाठी आमच्याकडे भाजतातच, नाहीतर बाळाचं पोट बिघडतं. घरभर वास सुटला आणि मी स्वतःवरच खूश. भरड काढून गरम पाण्यात घातली, पातेलं गोधडीत गुंडाळलं. तासाभराने चाखलं तर नुसती पेज. शेफने सांगितलं होतं तसा बशीत टिंक्चर आयोडीनचा थेंब टाकला, तो काळानिळा झाला. म्हणजे पिठाची साखर झालीच नव्हती. ती करायची मोडांमधली ताकद मी कढईत मारून टाकली होती. भाजलेला माल्ट रंगापुरता घालतात, मुख्य माल्ट फिकाच हवा, हे शेफने नंतर हसत हसत सांगितलं. हात दाखवून अवलक्षण! मी चक्क रडले. बिअरसाठी नाही. 'तिला' काही येत नाही, असं सासरे वसईला जाऊन सांगतील, याची मला भीती वाटत होती.

दुसऱ्या खेपेला गच्चीवर जुन्या साडीवर नुसत्या उन्हात वाळवलं. ऊन काय, इथे हवं तेवढं. थर्मामीटर घेऊन नवरा पातेल्यापाशी मांडी ठोकून बसला. पाणी पासष्ट डिग्रीच्या आसपास ठेवायचं होतं, आणि मी जरा चाखायला गेले की तो ओरडायचा, "यल्ला, लवकर झाकण लाव!" या वेळी आयोडीनचा थेंब तपकिरीच राहिला आणि पाणी उसाच्या रसासारखं गोड लागलं. ते गाळून हॉप्स घालून उकळलं, गार करून यीस्ट घातलं आणि फ्रिजमध्ये ठेवलं; आंबल्यावर बाटल्यांत भरलं. नाताळपर्यंत फ्रिज बिअरचा आणि भाजी बाहेर.

नाताळच्या दुपारी सासऱ्यांनी ग्लास उजेडाकडे धरला. जराशी गढूळच होती. एक घोट घेतला, मग दुसरा.

"कुठे मिळाली रे?"

"हिने केलीय."

त्यांनी ग्लास संपवला आणि मुलाकडे न बघता माझ्यापुढे धरला.

"बाय, अजून थोडी दे. पुढच्या वेळेला एवढी कडू नको करूस."

एरवी कुणी चूक काढली की मी फणकारते. पण बाय! राजापूरला माझे वडील मला हीच हाक मारायचे. मी इतक्या घाईने बाटली ओतली की अर्धी बिअर फेसातच गेली.