दुरुस्तीची चिठ्ठी

माझ्या छपाईच्या दुकानाची वेबसाइट बनवून देणाऱ्या बाईंनी परवा मला पहिलाच प्रश्न विचारला, "ताई, पानांवरचा मजकूर बदलायचा अधिकार किती जणांना द्यायचा?" मी ड्रॉवरमधून एक कागद काढून त्यांच्यापुढे ठेवला. त्यावर पाच नियम होते. पासवर्ड दोघांनाच. बाहेरची वस्तू मशीनला लावायची नाही. रोज संध्याकाळी नक्कल, आणि नक्कल दुसऱ्या इमारतीत. बाकीचे दोन दुरुस्तीच्या चिठ्ठीबद्दल. बाईंनी वाचून विचारलं, "कुठला कोर्स केला होता?" कोर्स नव्हता. नागपूरच्या धंतोलीतल्या एका प्रेसमध्ये, ऐंशीच्या दशकाच्या शेवटी, हे नियम एकेका फजितीनंतर भिंतीवर चढले.

त्या प्रेसमध्ये मी आधी कात्री, डिंक आणि पट्टी घेऊन पानं चिकटवायची. मग मालकांनी कॉम्प्युटर आणला. त्याच्यासाठी काचेची खोली केली आणि खोलीत एसी बसवला. प्रेसमधला तो पहिला एसी. आम्हा माणसांना तोवर खसच्या टट्ट्यांचा कूलर होता, त्यामुळे मे महिन्यात सगळ्यांनाच कॉम्प्युटरबद्दल फार शंका येऊ लागल्या. बायंडर दर तासाला चपला बाहेर काढून आत यायचे आणि विचारायचे, "मॅडम, ठीक चालून राहिला ना?"

मी चालवायला शिकले, कारण मॅन्युअल वाचून त्याची यादी करायची चिकाटी फक्त माझ्याकडे होती. चौकट आखणं, अक्षर लहानमोठं करणं, मजकूर दोन रकान्यांत सोडणं. जे काम पट्टीने अर्धा दिवस घ्यायचं ते आता चहा येईपर्यंत व्हायचं. मालकांनी पासवर्ड ठेवला तो त्यांच्या स्कूटरचा नंबर. स्कूटर दिवसभर दारातच उभी असायची. मी म्हटलं, "साहेब, हा तर रस्त्यावरून वाचता येतो." ते म्हणाले, "म्हणून तर विसरणार नाही!" पहिला नियम त्यातून आला.

दुसरा आला एका गिऱ्हाइकाच्या फ्लॉपीतून. ती लावल्यावर पडद्यावर एक ठिपका टणाटण उड्या मारू लागला. मालकांना वाटलं कंपनीने दिलेली गंमत आहे, त्यांनी शेजारच्या टेलरलाही बघायला बोलावलं. तो व्हायरस होता. मशीन पुसून सगळं नव्याने भरावं लागलं, तेव्हा ठिपक्याची गंमत संपली आणि रोजच्या नकलेचा तिसरा नियमही भिंतीवर चढला.

चिठ्ठीचा नियम मात्र एका लग्नपत्रिकेमुळे आला. निमंत्रकांच्या नावांत मुलाच्या थोरल्या काकांचं नाव वर होतं. दुपारी धाकटे काका आले, माझ्या मागे उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, जरा हे नाव वर घ्या, घरचंच आहे." मी घेतलं. एका बटणाचं काम होतं. गठ्ठे घरी पोचले आणि दुसऱ्या दिवशी दोन्ही काका आमच्या काउंटरवर भांडत उभे. थोरले म्हणाले, "लग्नाले येत नाही मी, जा!" धाकटे म्हणाले, "तुमच्याशिवाय बी लग्न होते दादा, पत्रिकेत वर माहंच नाव दिसून राहिलं ना!" पत्रिका पुन्हा छापली. त्या संध्याकाळी मी भिंतीवर लिहिलं: मूळ मजकूर ज्याने दिला त्याच्या सहीच्या चिठ्ठीशिवाय एक अक्षरही बदलायचं नाही. मालकांनी खाली लाल शाईने भर घातली, "मालकानेसुद्धा."

पुढच्या हिवाळ्यात आमच्या बौद्ध वस्तीतल्या मंडळाचं काम आलं, वधू-वर परिचय पुस्तिकेचं. भरलेल्या फॉर्मांची बॉक्सफाइल माझ्या टेबलावर आली. घरचे पत्ते, वय, शिक्षण, पगार, फोटो. मी फाइल कपाटात कुलपात ठेवली आणि काचेच्या खोलीचा पडदा ओढून घेतला. काम सोपं होतं, प्रत्येकाला एक चौकट, एका पानावर चार. तिसऱ्या दिवशी मी पुढचा फॉर्म उचलला आणि अक्षर ओळखीचं वाटलं. बाबा रेल्वेत पार्सल ऑफिसात होते. पार्सलवर लिहिल्यासारखी ठसठशीत अक्षरं. फॉर्मवर नाव माझं होतं.

मला कोणी विचारलं नव्हतं. पण लग्न व्हायला माझी हरकतही नव्हती, त्यामुळे त्याचा राग पाच मिनिटांत गेला. वय दोन वर्षांनी कमी केलं होतं, त्याचं हसू आलं. शेवटची ओळ वाचून मात्र हात थांबला. "नोकरी: तूर्तास करते. लग्नानंतर सोडण्यास तयार."

त्याच आठवड्यात मालकांनी दुसरं मशीन मागवलं होतं आणि दोन्ही मशीन माझ्या हाताखाली द्यायचं ठरवलं होतं. आता ही ओळ एकदा छापली की ती वाचूनच माणसं येणार, तिच्यावरच बोलणी होणार आणि मी बैठकीत तोंड उघडलं की म्हणणार, "पण पुस्तिकेत तर असं आहे."

मशीनचा पासवर्ड मला ठाऊक. खोलीत मी एकटी. चार शब्द पुसायला चार सेकंद लागले असते आणि बाबांनी छापील पुस्तिका पाहिली असती तोवर उशीर झाला असता. मी भिंतीकडे पाहिलं. नियम माझ्याच अक्षरात होता. मी ती ओळ जशीच्या तशी टाइप केली. मग दुरुस्तीच्या चिठ्ठ्यांच्या पुस्तकातून एक कोरी चिठ्ठी, कार्बन आणि तिच्या नकलेचा कागद काढून पर्समध्ये ठेवले.

घरी आई ताटात तांदूळ निवडत होती, बाबा चहा घेत होते. मी चिठ्ठीवर फॉर्ममधलं वय आणि नोकरीची ओळ उतरवली, दुरुस्तीची जागा कोरी सोडली आणि ती कार्बनसकट त्यांच्यापुढे ठेवली.

"हे काय वं?"

"दुरुस्ती आहे बाबा. मूळ मजकूर तुम्ही दिला, सही तुमचीच लागते."

बाबांनी चष्मा लावला, वाचलं, चष्मा काढला. "तुले कोणं दाखवला तो फॉर्म?"

"मीच टाइप करून राहिली ना."

आई तांदळातून हात न काढता हसली. "घ्या! पूर्ण नागपुरात मंडळाले हाच प्रेस भेटला."

"नोकरीवाली म्हटलं का पाहुणे बिचकतात," बाबा म्हणाले. "आधी जमू तर दे, मंग बोलू नोकरीचं."

"मंग कोणी ऐकत नसते बाबा. छापलं ते छापलं."

"अन वयाचं काय केलं तुम्ही?" आईने विचारलं. "दोन वर्षं कमी केले, म्हणजे धाकटी आता हिच्याहून मोठी झाली. तिच्या फॉर्मात किती कमी करान? दोघींच्या आधी माह्या लग्नाचंच साल बदला!"

बाबा थोडे वरमले. मग एकदम म्हणाले, "तुझ्यापाशीच चावी आहे म्हणते ना त्या मशीनची. मंग तूच काहून नाही खोडलं? मले कळलंही नसतं."

"फॉर्म तुमचा आहे. आज मी तुमचा खोडला, उद्या कोणी दुसऱ्याच्या पोरीचा खोडला तर? त्या फाइलमध्ये सगळ्या वस्तीचे पत्ते आहेत."

बाबांनी चिठ्ठी उचलून हातात घेतली. "आमच्याकडं बी असंच असते," ते म्हणाले. "पार्सलवरचा पत्ता पाठवणाराच बदलतो. बाबू नाही बदलत."

"मी काय पार्सल आहो?"

आईने ताट खाली ठेवलं आणि ती मनसोक्त हसली. बाबाही हसले आणि खिशातला पेन काढला. "सांग, काय लिहू?"

"वय खरं. अन नोकरी करते, पुढेही करणार."

त्यांनी त्याच ठसठशीत अक्षरात लिहिलं आणि सही केली. मग चिठ्ठी माझ्याकडे सरकवून म्हणाले, "तू बी कर सही. मजकूर तुझ्याबद्दल आहे." चिठ्ठीवर तशी जागा नव्हती. मी समासात केली.

दुसऱ्या दिवशी पाचवा नियम भिंतीवर चढला: मजकूर ज्याच्याबद्दल आहे, त्याचीही सही. मंडळाचे सचिव कुरकुरले, "बाई, पुस्तिका लांबते." पण मालक म्हणाले, "सही नाही, तर छपाई नाही." फॉर्म घरोघरी परत गेले. कोणी शिक्षण दुरुस्त केलं, कोणी उंची. आमच्या गल्लीतल्या एकीने फोटोच बदलला, आणि एका मुलाने "निर्व्यसनी"पुढे आपल्या हाताने "बहुतेक" लिहून पाठवलं. पुस्तिका आठ दिवस उशिरा निघाली.

नंतर मला आलेल्या पत्रांपैकी एक नागपूरजवळच्या वाडी गावातल्या एका ट्रान्सपोर्ट गोदामात हिशेबनीस असलेल्या गृहस्थांचं होतं. त्यांनी दोनच ओळी लिहिल्या होत्या: "'नोकरी करते, पुढेही करणार' असे छापले आहे. ही छपाईची चूक आहे की खरेच तसे आहे, कळावे." मी उलट टपाली लिहिलं, "चूक नाही," आणि सोबत चिठ्ठीची कार्बन नक्कल जोडली.

पुढच्या रविवारी ते घरी आले तेव्हा ती नक्कल घडी घालून त्यांच्या शर्टाच्या खिशात होती. चहा झाल्यावर त्यांनी ती काढून बाबांपुढे धरली आणि आदराने विचारलं, "ही आपलीच सही ना?"

बाबांनी चष्मा लावला, सगळी चिठ्ठी सावकाश वाचली आणि म्हणाले, "हाव. माहीच आहे. अन समासातली तिची."