रांगेतली शेवटची घागर

लग्न होऊन मी सोलापुरात आले ते दुष्काळाचं वर्ष होतं. आमच्या गल्लीला एकच नळ. तिथल्या रांगेत अगदी शेवटी रोज एक उंच, सावळा माणूस खांद्यावर घागर घेऊन उभा असायचा. म्हाताऱ्या बायकांच्या भरलेल्या घागरी तोच उचलून द्यायचा. मला तो यंत्रमागावरचा कामगार वाटला.

एकदा मला उशीर झाला आणि माझा नंबर येताच पाणी गेलं. मला रडूच फुटलं. मागं उभ्या असलेल्या त्यालाच मी म्हणाले, "मतं मागायला सगळे येतात. पाण्याच्या वेळी नगरसेवक कुठं असतो?"

"खरं हाय, ताई," तो म्हणाला आणि रिकामी घागर घेऊन भरभर निघून गेला.

शेजारच्या काकू तोंडाला पदर लावून हसत होत्या. "अगं, त्योच की आपला नगरसेवक! आता ती घागर न्हेऊन पाणीखात्याच्या सायबाच्या टेबलावर ठेवतोय बघ."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण आठवड्याभरात नळाला अर्धा तास जास्त पाणी येऊ लागलं. नगरसेवक मात्र अजून रांगेच्या शेवटीच उभे. मी ओशाळून म्हणाले, "दादा, आता तरी पुढं या."

"पुढं उभारलो तर माझी घागर भरंल की," ते हसून म्हणाले, "पण पाणी शेवटपर्यंत पुरतंय का, ते कसं कळायचं?"

त्या दिवशी त्यांची घागर काठोकाठ भरली. नळ बंद करण्याआधी त्यांनी मागं वळून पाहिलं, कुणी राहिलं तर नाही ना.