मामाचा नऊ

माझा नऊ पाहून लोक फसतात. त्याला एक समजतात. त्यात माझी चूक नाही, लोकांना घाई असते. शाळेतला नऊ म्हणजे एकाला आरशात धरावं तसा, उलटा. माझा नऊ उलटा होत नाही. तो एकासारखाच सरळ उभा राहतो, फक्त त्याचं पोट मोठं असतं आणि शेपटीच्या टोकाला एक झटका असतो. ज्याला एवढं दिसत नाही त्याने चष्मा लावावा.

कारण विचाराल तर मी दुसरीत असताना मास्तर कसेबसे आठापर्यंत आले आणि त्यांची बदली झाली. नवे मास्तर आले धान कापून झाल्यावर, तोवर बापानं मला ढोरांमागे लावून दिलं होतं. तेव्हा नऊ आणि त्याच्या पुढचं सगळं मी माझ्या मनानं शिकलो. वाचायलाही तसाच शिकलो. दुकानाच्या पाट्या वाचल्या, पुड्यांचे कागद वाचले, कोणी काही सांगायला आलं नाही. त्यामुळे मी कोणाचे उपकार मानत नाही.

आमचं गाव कोंढ्याच्या बाजूचं, धानाचं. सत्तरचं दशक सरता सरता प्रौढांना शिकवायचे वर्ग निघाले. आमच्या गावात शिकवायला कोणी मिळेना. शिकलेले होते ते नोकरीवर निघून गेलेले, उरलेल्यांत मीच काय तो दुसरीपर्यंत पोचलेला. मी म्हटलं, मी शिकवतो. साहेबानं विचारलं, "तुमचं शिक्षण?" मी म्हटलं, "चालू आहे." त्यानं कागदावर काय लिहिलं मला माहीत नाही, पण कंदील आणि पाट्या आल्या.

दिवसभर धानाच्या बांधीत वाकलेले बाप्ये आणि बाया चावडीत येऊन पाटीवर आकडे काढत. मी परीक्षा घेत असे आणि आदल्या दिवशी पेपर सांगून टाकत असे, म्हणून सगळे पास होत. गावात मला गुरुजी म्हणू लागले. शाळेतले खरे मास्तर एकदा तक्रार घेऊन आले. म्हणाले, "बाप तुमच्याकडून नऊ शिकतात आणि घरी पोरांचा नऊ खोडतात." मी म्हटलं, "मंग असं करा, बाप तुमी शिकवा, पोट्टे माह्याकडे पाठवा." चहा न घेताच गेले.

हे सगळं अशासाठी सांगितलं की पुढे माझा भाचा ज्या घोटाळ्यात पडला तो कुठून आला ते कळावं.

माझी धाकटी बहीण शहापूरला दिली आहे. हमरस्त्यावर जवाईबुवांचं किराणा दुकान. त्यांचा मुलगा नागपूरला इंजिनिअर होत होता. ऐंशी साल उलटून काही वर्षं झाली होती. शेवटचं वर्ष होतं आणि जवाईबुवांनी त्याला बजावलं होतं, या वर्षी पास झाला तर ठीक, नाही तर गल्ल्यामागे बसायचं आणि गूळ तोलायचा. पोराला गुळाच्या वासानंच मळमळत असे.

मळणी आटोपली होती तेव्हा तो चौकटी आखलेल्या कोऱ्या कागदांचा गठ्ठा घेऊन आला. आमच्याकडे भाचा केवढाही असो, मामानं त्याच्या पाया पडायचं. मी पडलो. मग तो खाटेवर बसला आणि म्हणाला,

"मामाजी, आकडे लिहून पाहिजेत. शून्यापासून नऊपर्यंत. हरेक चौकटीत एक."

"कोणाले पाहिजेत?"

"मशीनले."

"मशीनले आकडे येत नाईत?"

"तेच तर शिकवून राहिलो. आमच्या सरायनं दिलेलं शेवटच्या वर्षाचं काम आहे."

मला गंमत वाटली. मीही मास्तर, तोही मास्तर. मी विचारलं, मशीन कशी शिकते? त्यानं नीट सांगितलं. कागद कॅमेऱ्याखाली धरायचा. मशीन त्याच्यावर जाळी टाकल्यासारखे बारीक चौकोन करते, कुठे काळं, कुठे पांढरं, एवढंच तिला दिसतं. मग लहान-मोठे आकडे ओढून-दाबून एका मापाचे करते. मग आकड्याचं मांस काढून टाकते आणि नुसतं हाड ठेवते. त्या हाडाला टोकं किती, भोकं किती, गाठी किती, हे मोजते आणि सांगते, हा चार, हा सात.

"अर्धे कागद तिले दाखवून शिकवायचं," तो म्हणाला. "बाकीचे अर्धे लपवून ठेवायचे. मंग परीक्षेच्या दिवशी तेच काढायचे. पाहिलेलं ओळखलं त्याले काही अर्थ नाई. न पाहिलेलं ओळखलं पाहिजे."

"पेपर सांगायचा नाई म्हणतो?"

"अजिबात नाई."

"मंग पास कशी होईन ते बिचारी?"

त्यानं कागद पुढे केला. मी ऐटीत शून्य ते नऊ काढले. त्यानं कागद हातात घेतला, आठापर्यंत मान हलवली आणि थांबला.

"मामाजी, नऊ राहिला. एकाचा आकडा दोनदा आला."

"तो नऊच आहे."

"हा एक आहे."

"पोट पाह्य ना त्याचं."

"पोट राहात नाई मामाजी. मशीन सगळ्यायले एका मापाचं करते, हाड तेवढं उरते. एक भोक, एक शेपटी. एकच होते तो."

आतून माझी बायको म्हणाली, "दिवसभर खाऊन ह्यायचंही पोट राहात नाई, नवाचं काय घेऊन बसले."

भाच्यानं माझा कागद गठ्ठ्यात न ठेवता बाजूला खाटेवर ठेवला. मी विचारलं, "काहून?" तो चाचरत म्हणाला, सरांनी सांगितलं आहे, खराब कागद वेगळे काढायचे. खराब. भाच्याच्या जागी दुसरा कोणी असता तर मी त्याला अंगणातून बाहेर काढलं असतं. पण पाया पडून झालं होतं. मी फक्त म्हटलं, "बरं, गावात फिरून ये. चांगले कागद आण." पुढे काय होणार ते मला ठाऊक होतं. मी सांगितलं नाही, कारण मला कोणी विचारलं नाही.

तो घरोघर फिरला. सरांना मोठ्या माणसांचे हात पाहिजे होते, शाळेतल्या पोरांचे नको. दिवेलागणीला परत आला तेव्हा तोंड उतरलेलं.

"मामाजी, या गावात नऊ नाईच."

"एक किती सापडले?"

"डबल."

मी मिशीतल्या मिशीत हसलो. आता गावाचा गाव खराब म्हणून बाजूला काढ, पाहू कसा काढतो. पण जेवताना तो भात चिवडत राहिला. बायकोनं विचारलं तेव्हा म्हणाला, "मामीजी, अर्धे नऊ चुकले तर मशीन नापास. मशीन नापास तर मी नापास." आणि भात तसाच ठेवून उठला. सकाळी गठ्ठा घेऊन नागपूरला गेला.

आता मी हट्टी आहे हे मान्य. पण भाचा गूळ तोलणार आणि तोही माझ्या नवापायी, हे काही मला गोड लागेना. दोन दिवस तसेच गेले. तिसऱ्या दिवशी नातीची पाटी घेतली आणि शाळेतला नऊ गिरवायला बसलो. या वयात हात वळत नाही. उलटा काढायला गेलो की सरळ होई. नात म्हणाली, "आजोबा, तुमी पयलीत नापास." ऐकून घेतलं. जमला तेव्हा मी माझा जुना वर्ग चावडीत पुन्हा बोलावला. म्हटलं, पोरगा पुन्हा कागद घेऊन येईल तेव्हा सगळ्यांनी शाळेतला नऊ काढायचा. आपला आजपासून बंद.

"एवढे वर्ष चालला तो?" एकानं विचारलं.

"चालला तसा थांबला."

लोकांनी कुरकुर केली, पण शिकले. माझा शब्द गावात मोडत नसत.

भाचा आला तो महिन्याभरानं, आणि कागद न घेता. ओसरीवर बसला आणि म्हणाला, "मामाजी, सर म्हणतात हे कागद मी घरी बसून लिहिले. इतक्या माणसायचा नऊ असा सारखा येत नाई म्हणतात. एकाच हातचे आहेत. रविवारी स्वतः येऊन राहिले. त्यायच्यासमोर लोकायनं तसाच नऊ काढला तर खरं, नाई तर सारे कागद रद्द. वर्ष गेलंच मंग. बाबुजीनं दुसरा तराजू आणून ठेवला आहे."

मी बायकोकडे पाहिलं. बायकोनं छताकडे पाहिलं.

"तसाच म्हणजे जुना?" मी विचारलं.

"जुना म्हणजे?"

सांगावं लागलं. त्यानं डोकं धरलं. मग म्हणाला, "कायले केलं मामाजी?"

"सुधारलो."

"कोणी सांगितलं होतं सुधरायले?"

मी म्हटलं, घाबरू नको, आज सांजेला वर्ग भरवतो, उद्यापर्यंत पुन्हा बिघडवतो सगळ्यांना. तर त्यानं माझे दोन्ही हात धरले. सर फार बारीक पाहतात म्हणाला. कोणी शिकवून ठेवलं असं त्यांना वाटलं तर तिथंच संपलं. आता कोणाला एक शब्दही सांगायचा नाही. आणि रविवारी तुम्ही चावडीकडे फिरकायचं नाही. वर स्वतःची, भाच्याची, आण घातली.

बरं, माणसाला चूप बसणं म्हणजे काय हे मला तेव्हा कळलं. लोक येऊन विचारत, "गुरुजी, रविवारी कोणता नऊ?" मी दातण चावत बसे. लोकांना वाटलं मी आजारी आहे.

रविवारी सर कोंढ्याला एस.टी.तून उतरले आणि कोणाची तरी सायकल मागून घेऊन आले. बारीक अंगाचे, डोक्याला टोपी, अतिशय सभ्य. चावडीत सतरंजीवर लोकांना बसवून त्यांनी स्वतः कागद वाटले. मी चावडीकडे गेलो नाही, शब्द पाळला. चावडीला लागून तणसाचा, म्हणजे धानाच्या पेंढ्याचा, ढीग होता, त्याच्या मागे बसून डोकावत राहिलो. ती जागा चावडीत धरत नाहीत.

सगळे खाली माना घालून लिहीत होते. सर एकेकाच्या मागे उभे राहून पाहत होते. भाचा खांबाला टेकून उभा. लोक आठापर्यंत भराभर येत, मग पेन्सिल उचलून धरत, जीभ दातात धरत आणि अगदी शाळेतला, सुबक नऊ काढत. माझ्या शिकवण्यात खोट नव्हतीच. पहिल्यांदाच वाटलं, असती तर बरं झालं असतं.

सरांनी दोन-तीन कागद उचलून पाहिले आणि भाच्याकडे पाहिलं. भाच्यानं मान खाली घातली. सर काही बोलणार, तेवढ्यात त्यांचं लक्ष समोरच्या बुढीकडे गेलं. ती माझ्या पहिल्या वर्गातली, तोंडानं फटकळ. पेन्सिल हवेत धरून बसली होती.

"आजी, नवापाशी सगळेच थांबता. का हो?" सरांनी विचारलं.

"नवीन नऊ आहे ना जी. हाताले बसला नाई अजून."

"नवीन? मग आधी कोणता होता?"

"जुना होता. तो गुरुजीनं बंद केला."

"कोण गुरुजी?"

बुढीनं पेन्सिलनं तणसाच्या ढिगाकडे दाखवलं. "ते काय, मागं बसून आहेत."

चावडी हसली. मी अंगाचं तणस झटकत उभा राहिलो. सरांनी हात जोडून नमस्कार केला, मीही केला. ते म्हणाले, "नऊ बंद केलात?"

"केला."

"कशासाठी?"

"भाचा नापास होऊन राहिला होता. तुमच्या मशीनले आमचा नऊ पचत नाई म्हणे. म्हटलं, मशीन वळत नाई, आपणच वळावं."

"आणि आधी शिकवला होता तो कोणी?"

"मीच. दुसरं कोणी होतं कुठे."

सरांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, पुन्हा घातली. मग लोकांना म्हणाले, कागद उलटा करा, मी बोलतो ते आकडे लिहा, थांबायचं नाही. आणि एकोणीस, नव्वद, नऊशे नऊ असं इतक्या झपाट्यानं सांगत सुटले की कोणाला विचार करायला सवड राहिली नाही. मलाही एक कागद दिला. हात आपोआप जुन्या वाटेनं गेला. आठवडी बाजारात तोंडं चालावीत तशा पेन्सिली चालल्या.

सरांनी सगळे कागद सतरंजीवर मांडले. वाकून पाहिले. एकाच्या नवाचं पोट खाली लोंबत होतं, एकाचं वर चढलेलं, बुढीचा झटका तर शेजारच्या चौकटीत शिरलेला. माणसागणिक वेगळा, पण जात एकच.

"एकाच हातचे आहेत असं मी म्हटलं होतं," ते भाच्याला म्हणाले. "अर्धं बरोबर निघालं. हात यांचा, लिहिणारे वेगळे. कागद तुझे खरे आहेत." भाच्याच्या डोळ्यात पाणी आलं की काय ते मला दिसलं नाही, तो पलीकडे वळला. "पण म्हणून तू पास नाहीस," सर पुढे म्हणाले. "हाडं मोजून हा नऊ कळणार नाही. पोट मोजायला शिकव तिला. शेपटीच्या मानानं केवढं, ते. मग पाहू."

मी म्हटलं, "मी पयलेच सांगितलं होतं, पोट पाह्य." कोणी लक्ष दिलं नाही.

त्यानंतर मी भाच्याला नवांचे कागदच्या कागद भरून दिले, लहान, मोठे, तिरपे, घाईतले. काही तो मशीनला दाखवी, काही कपाटात कुलूप लावून ठेवी. कोणते ठेवले ते मी विचारलं, त्यानं सांगितलं नाही. बाहेरचे परीक्षक आले तेव्हा कुलपातले कागद निघाले. मशीननं माझा नऊ नऊ म्हणून वाचला, बहुतेक वेळा. जिथं चुकली तिथं मी थकलो असेन.

भाचा पास झाला आणि बंगलोरला नोकरीवर गेला. उन्हाळ्यात जवाईबुवा आमच्याकडे आले. चहा झाला, पान तोंडात गेलं. शेवटी म्हणाले, "साळेबुवा, तुमच्या नवानं माहा पोरगा नेला. दुकानात आता कोण बसन?"

"दुसरा तराजू रिकामाच आहे काय?"

"रिकामाच आहे."

माझं धान विकून झालं होतं, हाताला काम नव्हतं. मी म्हटलं, "पावसापर्यंत मी येऊन बसतो. पण हिशोबाची वही मी लिहीन."

जवाईबुवांनी पान थुंकलं आणि म्हणाले, "तोला बरं. लिहू नका."