ड्रमावरचं नाव

दुष्काळात मी केज तालुक्यात पाण्याचा टँकर चालवायचो. युसूफ वडगावच्या अलीकडच्या एका गावात दूध सोसायटीसमोर ड्रमांची रांग लागलेली असायची. अदलाबदल होऊ नये म्हणून प्रत्येक ड्रमावर घरच्या पुरुषाचं नाव आणि आडनाव रंगवलेलं. रांगेत उभ्या मात्र सगळ्या बायका.

त्यातली एक लांबूनच ओळखू यायची. टँकर दिसला की ती पदर खोचून धावायची, सगळ्यांच्या आधी पाइप धरायची आणि ड्रम काठोकाठ भरल्याशिवाय सोडायची नाही. एके दिवशी तिच्या ड्रमावरचं नवऱ्याचं नाव खरवडलेलं दिसलं. त्या जागी, पोळ्याला बैलांची शिंगं रंगवून उरलेल्या लाल रंगानं, तिनं वाकड्यातिकड्या अक्षरांत नुसतं स्वतःचं नाव लिहिलं होतं.

सोसायटीच्या ओट्यावरचे म्हातारे हसले. एकानं विचारलं, "आन् आडनाव कुठं गेलं, सूनबाई?"

पाइपावरचा हात न काढता ती म्हणाली, "आडनाव टँकरमागं पळत न्हाई, मामा. मी पळते."

आठवडाभरात निम्मी रांग लाल अक्षरांची झाली.

पुढच्या सुट्टीला मी गावी गेलो. आमच्या दारातल्या ड्रमावर माझं नाव होतं, चांगलं ठसठशीत. गावोगाव पाणी वाटायचो, पण तो ड्रम मी एकदाही भरला नव्हता. मी बायकोला हाक मारली आणि रंगाचा डबा तिच्या हातात दिला.

तिनं डब्याकडं पाहिलं, ड्रमाकडं पाहिलं आणि पदर खोचला.

"सरका तिकडं," ती म्हणाली, "उजेड अडवू नका."