टेस्ट म्हणते, मी शिकवायच्या लायकीची नाही

मंडळी, दुपारपासून जीव गुदमरायलाय, म्हणून लिहायलेय.

लातूरच्या एका क्लासमध्ये मी अकरा वर्षांपासून जीवशास्त्र शिकवते. मागच्या आठवड्यात सगळ्या शिक्षकांकडून मोबाईलवर पर्सनॅलिटी टेस्ट भरून घेतली. ‘लग्नकार्याच्या गर्दीत रमता का?’ असा प्रश्न होता. मी खरं तेच लिहिलं, नाही.

आज संचालक सरांनी बोलावलं. "मॅडम, तुम्ही अंतर्मुख निघालात. उद्यापासून वर्ग नको, पेपर तपासत जा."

"सर, माझ्या तासाला पोरं दाटीवाटीनं बसतात. एकदा येऊन तर बघा."

"हे बघा, लगेच वाद. रिपोर्टमध्ये हेही हाय, टीका सहन होत नाही म्हणून."

मी गप्प बसले.

"आन् हे गप्प बसणं? तेच तर लिहिलंय!"

मी परत टेस्ट देते म्हणाले, तर सर म्हणे, आता तुम्ही ठरवून उत्तरं द्याल.

खाली उतरताना जिन्यात माझ्या वर्गातल्या पोरींनी अडवलं. "मॅडम, उद्या किडनी सुरू करणार ना?"

मी नुसती मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, माझं मलाच कळलं नाही.

बोललं तरी दोष, गप्प बसलं तरी दोष. तुम्ही माझ्या जागी असता, तर काय केलं असतं?